वात्समानची धार आणि क्योनिग्सझेकाठच्या वाटा: शेवटाकडून मागे येत केलेले नियोजन

जर्मनीतल्या वात्समान डोंगराची धार चढताना फार थोड्यांना अडवते. माणसे अडकतात ती उतरताना. दक्षिण शिखरावर पोचेपर्यंत पाच-सहा तास कातळावर गेलेले असतात, पाणी तळाला आलेले असते आणि पुढे दरीतल्या हटपर्यंत (हट म्हणजे डोंगरातले मुक्कामाचे घर) जवळजवळ १,४०० मीटरची उतरण उरलेली असते: आधी कातळ, मग घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा उतार, मग घळ, मग पुन्हा घसारा. मधेच सुटून जायला दुसरी वाट नाही. म्हणून या डोंगराचा आराखडा शेवटाकडून मागे येत करावा. खालच्या रस्त्याला किती वाजता लागायचे, त्यासाठी दक्षिण शिखर किती वाजता सोडायचे, त्यासाठी होखेक या धारेवरच्या पहिल्या शिखरावर कधी असायला हवे आणि त्यासाठी हटमधून कधी निघायचे, या क्रमाने. पुढचा सगळा तपशील याच क्रमाच्या आधाराने दिला आहे.

डोंगर, पाणी आणि दगड

जर्मनीच्या आग्नेय कोपऱ्यात, बव्हेरियात, बेर्ख्तेसगाडेन आल्प्समध्ये क्योनिग्सझे हे सरोवर ६०३ मीटर उंचीवर आहे. लांबी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास, रुंदी जास्तीत जास्त सव्वा किलोमीटर, खोली १९० मीटर. दोन्ही बाजूंचे कडे थेट पाण्यात उतरतात, त्यामुळे काठाकाठाने जाणारा रस्ता नाही. पश्चिम काठावरच्या सेंट बार्थोलोमेला जायचे तर बोटीने, नाहीतर डोंगरातून. इथल्या प्रवासी बोटी १९०९ पासून विजेवर चालतात.

सरोवराच्या पश्चिमेला वात्समानची रांग उभी आहे. धारेवर उत्तरेकडून दक्षिणेकडे तीन शिखरे येतात: होखेक २,६५१ मीटर, मधले शिखर म्हणजे मिटेलश्पित्से २,७१३ मीटर आणि दक्षिण शिखर म्हणजे झ्यूडश्पित्से २,७१२ मीटर. पूर्वेला धार सरोवराकडे भिंतीसारखी कोसळते, पश्चिमेला विंबाखची दरी आहे. हा सगळा भाग १९७८ मध्ये स्थापन झालेल्या बेर्ख्तेसगाडेन राष्ट्रीय उद्यानात येतो. उद्यानात तंबू लावायला किंवा मुद्दाम उघड्यावर मुक्काम करायला बंदी आहे, म्हणून रात्रीचे नियोजन हटभोवतीच करावे लागते.

दगडाकडे आधी लक्ष द्या, कारण अर्ध्या अडचणी त्यातूनच येतात. वरच्या भागात थरांचा चुनखडक आहे, खाली डोलोमाइट. चुनखडकात पाणी मुरून जाते, म्हणून हटच्या वर झरा मिळेल अशी आशा धरू नये. कोरडा असताना हा कातळ बुटाला छान धरतो. मात्र हजारो पायांनी गुळगुळीत झालेल्या जागी, आणि ओला झाला की सगळीकडेच, तो साबणासारखा होतो. डोलोमाइटचा चुरा होतो. तोच चुरा साठून विंबाखच्या दरीत दगडगोट्यांची अवाढव्य नदी तयार झाली आहे. खरे पाणी तिच्या खालून वाहते, वर बहुतेक ठिकाणी कोरडे दगड दिसतात. दरीत उतरलो की पाणी मिळेल, या भरवशावर राहिलेल्यांचे तिथेच हाल होतात.

वाट किती अवघड आहे

हटपासून होखेकपर्यंत लाल खुणांची डोंगरवाट आहे. काही ठिकाणी हात लावावे लागतात आणि मोजक्या जागी लोखंडी दोर आहे. होखेकच्या पुढे चढाई यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेच्या मोजपट्टीतल्या पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची आहे. पहिल्या श्रेणीत हात फक्त तोल सावरायला लागतात. दुसरीत तीन आधार राखून खरोखर चढावे-उतरावे लागते. उघड्या जागांपैकी बऱ्याच ठिकाणी पोलादी दोर लावला आहे, सगळीकडे नाही. हा फरक ठळकपणे ध्यानात ठेवा. व्हाया फेराटा, म्हणजे पोलादी दोर लावून बांधलेली कातळवाट, सलग असते, क्लिप लावून माणूस वरपर्यंत बांधलेला राहतो. वात्समानच्या धारेवर दोन दोरांच्या मधे कित्येकदा नुसता कातळ आणि दोन्हीकडे हवा असते. तिथे पाय घसरला तर कमरेचा संच काहीच करू शकत नाही.

आपली तयारी तपासायला दोन कसोट्या पुरतात. आठ किलोची पाठपिशवी घेऊन १,३०० मीटर चार तासांत चढता येते का, आणि दुसऱ्या दिवशी १,४०० मीटर उतरून गुडघे शाबूत राहतात का, ही पहिली. दोरी न लावता, बोलत बोलत, दुसऱ्या श्रेणीचा कातळ उतरता येतो का, ही दुसरी. चढता येणे पुरेसे नाही. धारेवर चढण्याइतकेच उतरणेही आहे, आणि उतरताना पायाची जागा दिसत नाही.

सरोवराच्या उत्तर टोकाजवळचा ग्र्यूनश्टाइन, १,३०४ मीटर, क्लिप लावण्याचा सराव करायला चांगला. तिथल्या फेराटाच्या शाखांपैकी सोपी शाखा सी श्रेणीच्या आसपास आहे, बाकीच्या त्याहून बऱ्याच कठीण. ए ते ई या मोजपट्टीत सी म्हणजे दंडांना काम पडणारच. मात्र तिथे हातांचे बळ सिद्ध होते, वात्समानला लागते ते न बांधलेल्या पायांचे भान. खरी चाचणी म्हणजे होखेकपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत येणे. ज्यांना शंका आहे त्यांनी पहिल्या खेपेला तेवढेच करावे. दृश्य पूर्ण मिळते आणि दिवस सुखाचा जातो.

कधी जावे

धारेखालचे मुक्कामाचे हट, वात्समानहाउस, साधारण मेअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत उघडे असते, पण हट उघडे म्हणजे धार मोकळी असे नव्हे. जूनमध्ये, आणि थंडी लांबलेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यांतही, दक्षिण शिखराखालच्या घळींमध्ये जुना बर्फ असतो. सकाळी तो काचेसारखा टणक असतो, दुपारी वरून मऊ आणि खालून पोकळ. लोखंडी दोरही काही ठिकाणी त्याखाली गाडलेला असतो. मध्य जुलै ते सप्टेंबरअखेर हा भरवशाचा काळ. सप्टेंबरमध्ये हवा स्थिर असते आणि गडगडाटी वादळे कमी होतात. उलट दिवस लहान होतो. जुलैच्या मध्यावर सूर्य साडेपाचच्या सुमाराला उगवतो, सप्टेंबरच्या मध्यावर पावणेसातला. संध्याकाळचा उजेडही दीड-पावणेदोन तासांनी घटतो. सप्टेंबरमध्ये एका रात्रीत दहा सेंटिमीटर नवा बर्फ पडू शकतो. तसे झाले तर ऊन कितीही पडो, धारेचा नाद दोन-तीन दिवस सोडून द्यावा, कारण सावलीतल्या पायऱ्यांवर तो गोठून राहतो.

हवामानाचा अंदाज आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या पहाटे, असा दोनदा पाहावा. हटचे व्यवस्थापक रोज धार पाहत असतात, त्यांना थेट विचारावे. 'दुपारनंतर वादळाची शक्यता' एवढे वाक्य अंदाजात असले, तरी धार दुपारच्या आत संपायलाच हवी असा त्याचा अर्थ घ्यावा. 'सकाळपासून अस्थिर' असेल तर होखेकसुद्धा नको.

पाठीवर काय

पाठपिशवी सात ते आठ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. अरुंद कातळावर जड पिशवी माणसाला बाहेर ओढते.

हेल्मेट सर्वांना, होखेकच्या आधीपासून. वरच्यांच्या पायांनी सुटलेले दगड ही इथली रोजची गोष्ट आहे. हार्नेस आणि धक्का शोषणारा फेराटा संच घ्यावा. संचावर ईएन ९५८ हे मानक छापलेले पाहा. नव्या संचांची वजनमर्यादा साधारण ४० ते १२० किलो असते, तिच्यात पिशवीसह आपले वजन बसते का ते तपासा. एकदा पडण्याचा झटका घेतलेला संच पुन्हा वापरायचा नाही. शोषकाची शिवण उसवली की तो निव्वळ पट्टा उरतो. लहान मुले आणि हलक्या वजनाची माणसे यांना वरून दोरीने सांभाळावे लागते, कारण कमी वजनाला शोषक उघडतच नाही आणि झटका शरीराला बसतो.

पातळ चामड्याचे हातमोजे घ्या. जुन्या पोलादी दोराच्या तुटक्या तारा तळहात फाडतात. बूट कडक तळाचे आणि घोट्याच्या वर येणारे. शेवटच्या घसाऱ्यात मऊ बुटातला पाय भाजून निघतो. काठ्या दुमडून पिशवीत बसणाऱ्या असाव्यात, कारण धारेवर त्या हातात चालत नाहीत आणि उतरणीवर नसल्या तर चालत नाही. वारा आणि पाऊस अडवणारे जाकीट, उबदार थर, टोपी, हेडलॅम्प नव्या सेलसह, दोघांना पुरेल अशी आपत्कालीन पिशवी, प्रथमोपचार आणि शिट्टी. कागदी नकाशा १:२५,००० प्रमाणाचा. फोनवरचा मार्ग जरूर ठेवावा, पण थंडीत आणि सतत वापराने बॅटरी किती लवकर बसते हे धरून चालावे.

पाणी हटमधून निघताना माणशी तीन लिटर. थंड दिवसाला अडीच चालेल, दोन कधीच नाही. तीन लिटर म्हणजे तीन किलो, म्हणून बाकीचे सामान आधी कमी करा आणि पाणी शेवटी. पुढचे खात्रीचे पाणी विंबाखग्रीसच्या हटमध्ये, नऊ तासांनंतर.

पहिला दिवस: विंबाखब्र्युके ते वात्समानहाउस

रामसाउ गावाच्या हद्दीतला विंबाखब्र्युके हा थांबा ६३४ मीटरवर आहे. बेर्ख्तेसगाडेन रेल्वे स्थानकावरून बस येते, वाहनतळही आहे. दुसऱ्या दिवशी उतरण इथेच संपते, म्हणून गाडी ठेवायला हीच जागा योग्य. सरोवराकाठी गाडी लावून क्यूरॉइंट कुरणावरून, १,४२० मीटर, हटला येता येते. वाट सुंदर आहे, पण शेवट दुसऱ्या दरीत होतो आणि थकलेल्या पायांनी बस शोधावी लागते.

वाट जंगलातून चढते, श्टुबेनआल्म, मग मिटरकासर, मग फाल्त्सआल्म ही कुरणे ओलांडते आणि झाडे संपल्यावर वळणावळणाने हटला पोचते. उंची १,९३० मीटर, म्हणजे १,३०० मीटरची चढण. चार तास धरा. वाट सोपी आहे, तरीही पहिला तास मुद्दाम हळू चाला. उद्याच्या मांड्या आज जाळू नयेत.

जागा आधी आरक्षित केलेली असावी. उन्हाळ्यातले शनिवार फार लवकर भरतात. बूट प्रवेशाजवळच्या खोलीत काढायचे, झोपायला स्वतःचे पातळ आच्छादन, म्हणजे हटसाठीची चादरी पिशवी, आणायची, रात्री दहाला शांतता. रोख युरो जवळ ठेवा. पाणी इथे मौल्यवान आहे, धुण्या-अंघोळीला वापरण्याचा विचारही नको. कचरा स्वतःबरोबर खाली. जर्मन आल्पाइन क्लबच्या सभासदांना मुक्काम स्वस्त पडतो, आणि सभासदत्वात पर्वतातल्या बचावकार्याचा विमाही येतो. परदेशी पाहुण्यांनी निदान विम्यासाठी तरी याचा विचार करावा.

संध्याकाळी उजेड असतानाच हटमागची पहिली दोनशे मीटर वाट चालून पाहा. पहाटे अंधारात तीच वाट पायाला ओळखीची वाटते आणि सुरुवातीची वीस मिनिटे वाचतात.

दुसरा दिवस: तास न् तास

पिशवी रात्रीच भरून ठेवावी. मध्य उन्हाळ्यात पाचला बाहेर पडायचे. सकाळच्या नाश्त्याची वेळ त्याच्यानंतर असेल तर तो सोडा आणि आदल्या रात्री काही बांधून घ्या.

पाच ते सात: होखेक. ७२० मीटरची चढण, पायऱ्यांसारखा थरांचा कातळ. लाल ठिपके नेहमी डोळ्यांसमोर असावेत. पाच मिनिटे ठिपका दिसला नाही तर थांबा आणि शेवटच्या ठिपक्यापर्यंत मागे या. होखेकवर एक छोटा लाकडी निवारा आहे. तो अचानक आलेल्या हवामानासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. तिथे बसून खा, किमान अर्धा लिटर पाणी प्या, हार्नेस चढवा आणि एकमेकांच्या बकलांची तपासणी करा.

इथला निर्णय घड्याळावर सोपवा. हटपासून होखेकला अडीच तासांहून जास्त लागले असतील, किंवा नऊ वाजून गेले असतील, तर इथूनच परत फिरा. कारण साधे आहे: इथे जो मंद आहे तो धारेवर अधिक मंद होईल आणि उतरणीवर त्याहून मंद. ढग धारेला लागले असतील तरीही परत. होखेक सुटले की दक्षिण शिखरापर्यंत बाजूला उतरण्याची एकही सुरक्षित वाट नाही. पश्चिमेकडे खाली गवत आणि घसारा दिसतो, तो फसवा आहे. मधे उभे कडे आहेत.

सात ते पावणेआठ: मधले शिखर. होखेकपासून निघताच धार अरुंद होते आणि दोर सुरू होतो. क्लिप लावताना एका वेळी एकच कॅराबिनर (दोरात अडकवायची कडी) हलवा, दुसरा दोरावर राहिलाच पाहिजे. दोन खुंट्यांच्या मधल्या दोरावर एका वेळी एकच माणूस. एक पडला तर त्याच दोराने दुसऱ्यालाही ओढू नये म्हणून. समोरून येणारे भेटले तर रुंद जागी थांबून त्यांना भिंतीच्या बाजूने जाऊ द्या. वात्समान हा संपूर्णपणे जर्मन भूमीवर असलेला सर्वात उंच पर्वतसमूह आहे आणि मधले शिखर हे त्याचे सर्वोच्च टोक. १८०० मध्ये व्हॅलेंटिन स्टानिच याने ते पहिल्यांदा गाठले. जागा लहान आहे, गर्दी झाली तर पुढे सरका.

मधले शिखर हा परतीचा शेवटचा सोपा बिंदू. इथून होखेक पाऊण तास मागे आहे. पुढे गेल्यावर दर पंधरा मिनिटांनी मागे फिरणे महाग होत जाते.

पावणेआठ ते दहा: दक्षिण शिखर. हा सर्वात लांब आणि मन लावून करायचा टप्पा. वाट धारेवरून कमी आणि पश्चिम अंगाच्या कातळी पट्ट्यांवरून जास्त जाते. बऱ्याचदा उतरून पुन्हा चढावे लागते. नकाशावरचे अंतर एवढेसे दिसते की तासाभरात संपेल असे वाटते. दोन ते अडीच तास धरा. पट्ट्यांवर बारीक खडी पसरलेली असते, तिथे टाच आधी न टेकता पूर्ण तळवा सपाट ठेवा. दोर नसलेल्या भागात काठीने किंवा रिकाम्या हाताने तोल सावरायचा प्रयत्न न करता वाकून कातळ धरा. थकवा आला की माणूस दोराला लटकून चालायला लागतो आणि हात गळतात. वजन पायांवर हवे, हात फक्त मार्ग दाखवायला.

दक्षिण शिखरावर पूर्वेला एकदम सरोवर दिसते, २,१०० मीटर खाली. तिथे अर्धा तास थांबा, खा, बुटाचे बंद उतरणीसाठी पुन्हा आवळा आणि पाणी मोजा. माणशी एक लिटर उरले असायला हवे. साडेबाराच्या आधी शिखर सोडलेच पाहिजे.

उतरण, जिथे घाई चालत नाही

नुसत्या उंचीच्या हिशोबाने, ताशी ५०० मीटर धरले, तर विंबाखग्रीसच्या हटपर्यंतची १,३८५ मीटरची उतरण पावणेतीन तासांत व्हायला हवी. प्रत्यक्षात साडेतीन ते चार तास लागतात. वरचा तिसरा हिस्सा चालायचा नसून कातळ उतरायचा आहे आणि प्रत्येक पायरी पाहून ठेवावी लागते, म्हणून हा फरक पडतो.

शिखरावरून खुणा नैर्ऋत्येकडे खाली जातात. पहिल्या ३०० मीटरमध्ये तीव्र कातळ, छोट्या घळी, मधेमधे दोर. इथली नेहमीची चूक अशी: घसाऱ्यात पडलेल्या पाऊलखुणा रंगाच्या खुणांपेक्षा ठळक दिसतात आणि लोक त्यांच्या मागे सरळ खाली जातात. त्या खुणा आधी चुकलेल्यांच्या असतात. घळ खाली अरुंद होत कड्यावर संपते, आणि परत चढून येणे ढासळत्या खडीत जवळजवळ अशक्य होते. नियम असा ठेवा: पुढची लाल खूण दिसल्याशिवाय आधीची सोडायची नाही. धुक्यात एकाने खुणेजवळ उभे राहावे, दुसऱ्याने पुढची शोधावी.

घळीत गट असेल तर दोनच पद्धती सुरक्षित आहेत: सगळे अगदी जवळजवळ, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्याआधीच अडवता येतो, किंवा एकेक जण, बाकीचे बाजूच्या कातळाआड. वीस मीटरचे अंतर ठेवून एकाच रेषेत उतरणे ही सर्वात वाईट रचना. दगड सुटला की ओरडा, आणि ओरड ऐकली की वर न पाहता कातळाला चिकटा.

पुढे गवताळ उतार येतो. तिथे पाय मोकळे होतात आणि माणसाला वाटते की संपले. संपलेले नसते. उताराखाली आणखी एक तीव्र घळ आहे, तिथे पुन्हा दोर-साखळीचा आधार लागतो. हेल्मेट आणि हार्नेस तोवर काढू नका. त्या घळीच्या खाली मात्र काठ्या बाहेर काढा. खडी मऊ आणि खोल असेल तिथे टाचा रुतवत लहान पावलांनी उतरता येते. कडक उतारावर खडीचा पातळ थर असेल तिथे तेच केले तर पाय निसटतो. दोन्ही जागा दिसायला सारख्या असतात, म्हणून काठीने आधी खोली पाहावी.

दरीच्या वाटेला लागलो की खालच्या दिशेला वळायचे आणि विंबाखग्रीसच्या हटला यायचे, १,३२७ मीटर. दोनच्या सुमाराला इथे असाल तर वेळ उत्तम. इथे पुन्हा पाणी, मीठ असलेले काही खाणे आणि किमान अर्धा तास बूट काढून विश्रांती. फोड आले असतील तर आत्ताच पट्टी लावा.

इथून विंबाखब्र्युके आणखी आठ-नऊ किलोमीटर, सुमारे ७०० मीटर उतार, दोन ते अडीच तास. वाट रुंद आणि सोपी, वाटेत विंबाखश्लॉस ९३७ मीटरवर. पाच मिनिटे थांबलो तर पाय आखडतात म्हणून संथ पण सलग चाला. ज्यांचे गुडघे बोलू लागले आहेत त्यांनी हटमध्येच दुसरी रात्र काढावी. हे नियोजनात आधीच धरले तर मधल्या सगळ्या वेळांवरचा ताण निघून जातो, आणि आमच्या मते पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हाच आराखडा बरा.

वादळ आणि मदत

वीज आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आले तर धोका पोचलेला आहे. धारेवर असाल तर सर्वात आधी पोलादी दोरापासून दूर व्हा, कारण तो शेकडो मीटर लांबीचा वाहक आहे. टोकावरून आणि कातळाच्या भेगेतून बाजूला, पिशवीवर उकिडवे, पाय जुळवून बसा, एकमेकांपासून अंतर ठेवून. हा उपाय तोकडा आहे, खरा उपाय सकाळी पाचला निघण्यात होता.

मदतीचा क्रमांक ११२. धारेवर बहुधा संपर्क मिळतो, विंबाखच्या दरीत बराच भाग मुका असतो, म्हणून काही घडले तर फोन खाली उतरण्याआधी करा. कुठे, काय, किती जखमी, तिथले हवामान, ही माहिती त्याच क्रमाने सांगा. संपर्क नसेल तर आल्प्सचा ठरलेला इशारा: मिनिटात सहा वेळा दिवा किंवा शिट्टी, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीन वेळा येते. हेलिकॉप्टर दिसले तर दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी; एक वर, एक खाली म्हणजे नको.

पूर्व भिंत

सरोवरातून दिसणारी पूर्व भिंत सुमारे १,८०० मीटरची आहे. १८८१ मध्ये योहान ग्रिल आणि ओटो श्यूक यांनी ती पहिल्यांदा चढली. आज सर्वाधिक वापरली जाणारी बेर्ख्तेसगाडेन वाट तिसऱ्या श्रेणीची आहे आणि हाच आकडा लोकांना फसवतो. तिसरी श्रेणी चढणे सोपे. तिसऱ्या श्रेणीच्या कातळात हजारभर मीटर दोरीशिवाय वेगाने जाणे आणि शंभर सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांतून बरोबर पट्टा ओळखणे, हे वेगळे काम आहे. प्रत्येक ठिकाणी दोरी लावत बसलात तर अंधार पडतो. या भिंतीत आजवर शंभराहून अधिक जणांचा जीव गेला आहे. फ्रांझ रास्प या मार्गदर्शकाने ती २९० हून अधिक वेळा चढली आणि १९८८ मध्ये त्यांचाही मृत्यू याच भिंतीत झाला.

सकाळच्या पहिल्या बोटीने येऊन चढाई सुरू करणे उशिराचे ठरते, म्हणून आदल्या संध्याकाळी सेंट बार्थोलोमेला येऊन तिथल्या साध्या मुक्कामात राहतात आणि पहाटे अंधारात निघतात. तळाशी आइसकापेले हे बर्फक्षेत्र आहे, आल्प्समधले सर्वात कमी उंचीवरचे कायमचे बर्फक्षेत्र म्हणून ते ओळखले जात असे. बर्फाच्या कमानीखाली कधीही जाऊ नका, ती न सांगता कोसळते. उन्हाळा सरत जातो तसा बर्फ आणि कातळ यांच्यामधली फट रुंदावते आणि भिंतीवर पाऊल ठेवणेच अवघड होते. २,३८० मीटरवर एक आपत्कालीन पेटीवजा निवारा आहे. वर पोचल्यावर उतरण तीच, दक्षिण शिखरावरून विंबाखची, म्हणून भिंतीला जाणाऱ्याने ती आधी धारेवरून येऊन पाहिलेली असावी. पहिल्यांदा मान्यताप्राप्त मार्गदर्शकाबरोबरच जावे.

शिखर न गाठता घ्यायच्या वाटा

रिनकेंडलश्टाइग सेंट बार्थोलोमेवरून क्यूरॉइंटला चढते, सुमारे ८०० मीटर, तीन तास. अवघड जागी दोर आहे, खाली थेट सरोवर. चढतानाच करावी, ओल्या गवतावर उतरताना ती धोकादायक आहे. शेवटची बोट चुकली म्हणून संध्याकाळी या वाटेला लागणे हा तर सरळ अपघाताचा बेत आहे.

केर्लिंगरहाउस, १,६३८ मीटर, सेंट बार्थोलोमेवरून झाउगासेच्या दाट वळणांनी चार-साडेचार तासांत येते. तांत्रिक काही नाही, पण ती घळ दुपारच्या उन्हात भट्टी होते, म्हणून पहिली बोट धरा. शेजारचा फुंटेनझे हा खोलगट तळ आहे. थंड, जड हवा रात्री त्यात साचून राहते. २४ डिसेंबर २००१ रोजी तिथे उणे ४५.९ अंश सेल्सियस नोंदले गेले. उन्हाळ्यातही स्वच्छ रात्री दव गोठते, उबदार थर हवाच. इथून पुढे श्टाइनर्नेस मेअरचे चुनखडकी पठार सुरू होते आणि ते ओलांडून ऑस्ट्रियाच्या बाजूच्या रीमानहाउसला, २,१७७ मीटर, जाता येते. धुके असेल तर त्या पठारावर पाऊल टाकू नका: दिशा दाखवणारा एकही उतार नाही, आणि भेगा-खड्डे अचानक येतात.

पूर्व काठावर येनरच्या केबलकारने वर जाऊन श्टालहाउसमार्गे श्नायबश्टाइन, २,२७६ मीटर, गाठणे हा या भागात दोन हजारांच्या वर जाण्याचा सर्वात सोपा मार्ग आहे. श्टालहाउसपासून दोन तास. वात्समानची पूर्व भिंत समोर पूर्ण उघडी दिसते. धारेला जाण्याआधी इथून दुर्बिणीने बर्फाचे पट्टे पाहून घ्यावेत. पुढे झेलाइनझे तळ्यावरून मोठा फेरा मारता येतो, मात्र तो आठ-नऊ तासांचा आहे आणि केबलकारची शेवटची वेळ त्यात धरू नये.

बोटींचे वेळापत्रक ऋतूनुसार बदलते, आणि सरोवराच्या दक्षिण टोकाच्या सालेटला त्या फक्त उन्हाळी हंगामात जातात. सेंट बार्थोलोमेला पस्तीसेक मिनिटे लागतात. परतीच्या शेवटच्या बोटीला उन्हाळ्यात मोठी रांग असते, म्हणून तिच्या आधीची बोट हीच आपली शेवटची बोट असे धरून उतरण संपवावी, आणि ती वेळ हटच्या नोंदवहीत कुठल्या वाटेने निघालो याच्यासोबत लिहून ठेवावी.